जीप परत पाठवणाऱ्या बाई

आमच्या बाई भित्र्या होत्या. मेडिकल कॉलेजातली मुलं त्यांना उघड 'भित्र्या बाई' म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. रोग्याच्या दंडाला सुई लावण्याआधी त्यांची बोटं थरथरत. एकदा कुणीतरी हसून विचारलं, बाई, अजून सवय झाली नाही का? "होऊ देत नाही," त्या म्हणाल्या आणि सुई टोचली.

तरुणपणी त्यांच्या वरिष्ठांनी एका हमालाला नवं औषध टोचून पाहिलं होतं. डॉक्टरसाहेब झोप म्हणाले, तो झोपला. पुढे तो कायम भिंत धरून चालायचा. त्या वेळी त्याचा हात बाईंनी धरून ठेवला होता. यापलीकडे त्यांनी कधी काही सांगितलं नाही, पण वर्गात कोणत्याही प्रयोगाचा विषय निघाला की त्यांचा प्रश्न ठरलेला असे: "त्याला नाही म्हणता आलं असतं का?" परीक्षेत याला मार्क नव्हते. मुलं जांभया देत.

स्वातंत्र्याला तेव्हा दहा वर्षंही झाली नव्हती. मी चांदा जिल्ह्यातल्या गोंड घरातली, कॉलेजात तशी एकटीच. मेसमध्ये मुली आपली ताटं लांब सरकवून बसत. बाईंनी त्यावर भाषण दिलं नाही, प्रयोगशाळेची किल्ली माझ्या हातावर ठेवली. काम चुकलं तर मात्र सगळ्यांदेखत झापत. "तुझ्यावर दया करायला बाकीचे आहेत," म्हणत. मला ते सोयीचं वाटे.

विभागप्रमुखांनी जंगलातल्या तापाचा अभ्यास काढला आणि गोंडी येते म्हणून मला त्यात घेतलं. रक्ताचे नमुने आले तर कॉलेजातली जागा पक्की, नाहीतर घरी जा, असं त्यांनी साफ सांगितलं. घरी माझं लग्न ठरवून ठेवलेलं होतं. पुन्हा पुस्तक हाती लागणार नव्हतं.

हिवाळ्यात बाई आणि मी भामरागडकडच्या एका गावात गेलो. लाकडाच्या एका ठेकेदारानं जीप दिली होती, चालवायला त्याचा मुकादम. जीप दिसताच अख्खं गाव रांगेत उभं राहिलं. म्हातारे, पोटुशा बायका, सगळे. मी रक्त घ्यायचं आहे म्हटल्यावर त्यांनी हात पुढे केले. कुणी कुजबुजलं नाही. कडेवरची मुलंसुद्धा रडली नाहीत. मला हायसं वाटलं. मी सुया उकळायला ठेवल्या.

बाई जवळ आल्या. चेहरा पांढराफटक.

"ही माणसं काही विचारत का नाहीत?"

रांगेतल्या पहिल्या म्हाताऱ्याला मी गोंडीत विचारलं. तो जमिनीकडे बघत बोलला. ही गाडी आली की बोलावतील त्यानं ठेकेदाराच्या कामाला जायचं. मागच्या खेपेला एक जण नाही म्हणाला, त्याला झाडाला बांधून मारलं. या खेपेला रक्त हवं तर रक्त न्या.

बाईंनी मुकादमाला जीप घेऊन परत जायला सांगितलं. तो हसला.

"गाडी गेली तं इथी कोनी थांबनार नाई, बाई. मंग रगत काय झाडाचं घेता?"

"घेणार नाही," बाई म्हणाल्या.

तो गेला. मग त्या मला म्हणाल्या, यांना सांग, ज्याला जायचं त्यानं जावं.

"बाई, माझं काय?"

"तुझं मी बघेन. जमेलच असं नाही. पण सांग."

मी सांगितलं. रांग मोडली. माणसं आमच्याकडे पाठ न करता, मागे मागे सरकत झाडीत शिरली. चुली तशाच धुमसत राहिल्या. रिकाम्या गावातून आम्ही दोघी पायी निघालो. वाटेत ठेकेदाराची माणसं भेटतील या धास्तीनं पाचोळा वाजला तरी थबकत होतो. कुणी भेटलं नाही.

निर्णय माझा, मुलीनं फक्त हुकूम पाळला, असं बाईंनी प्रमुखांना सांगितलं. त्यांना संशोधनातून काढून लांबच्या दवाखान्यात धाडण्यात आलं. माझी जागा राहिली, कारण गोंडी येणारं दुसरं कुणी नव्हतं. स्टेशनवर मी आभार मानायला लागले तर त्यांनी थांबवलं.

"आता तू एकटी जाशील. तू त्यांच्यातली, म्हणून तुला नाही म्हणणं त्यांना आणखी जड जाईल. मला त्याचीच भीती वाटते."

नंतर आमची भेट झाली नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी त्याच गावी पायी गेले आणि राहिले. धान मळायला लागले, सुयांची पेटी उघडली नाही. बऱ्याच दिवसांनी, जिच्या घरी मी राहत होते तिनं विचारलं, रक्त नेऊन करता काय? मी सांगितलं की ताप का येतो ते शोधतो, सापडेलच असं नाही, आणि सापडलं तरी औषध तुझ्यापर्यंत पोचेलच असं नाही. तिनं विचार केला आणि माझ्या तोंडावर नाही म्हणाली. मग आम्ही जेवायला बसलो.

दुसऱ्या दिवशी तिची सासू आली. तिनं सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं आणि हात पुढे केला.