चारशे बारा नोंदी

विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्यांना सगळे बाइंडरमामा म्हणत. पुस्तके बांधण्यासाठी नोकरीला लागलेला हा माणूस तळघरातून वरच्या मजल्यावरच्या संदर्भ विभागात कधी आणि कसा येऊन बसला, हे कुणालाच नेमके सांगता येत नसे. हुद्दा बाइंडरचाच राहिला, पण जुन्या मासिकांतले काही हवे असले की खुद्द ग्रंथपाल म्हणत, "मामांना विचारा." बोटांना खळीचा वास, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली आणि बोलणे तिरकस. त्यांच्याविषयी चार चांगले शब्द लिहावेत असे फार दिवस मनात आहे. तो अधिकार मी एका दुपारी गमावला, म्हणून आधी ती दुपार सांगायला हवी.

मी शंभर वर्षांपूर्वीच्या एका नाटककारावर संशोधन करत होते. त्याच्यावरचे साहित्य कोणत्या ग्रंथालयात आहे, कोणत्या संकेतस्थळावर आहे, याची सूची करून ती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकण्याचे काम माझ्या मार्गदर्शक सरांनी मला दिले. आमच्या गावच्या शाळेत ग्रंथालय म्हणजे मुख्याध्यापकांच्या खोलीतले कुलूपबंद कपाट. तिथून आलेल्या मला हा मोठाच मान वाटला.

संगणकावर नाटककाराचे नाव टाकले की एकोणचाळीस पुस्तके येत. त्यांतली चार त्याच नावाच्या एका कुक्कुटपालनतज्ज्ञाची. स्कॅन केलेली नाटके मिळाली, पण एकाचा तिसरा अंकच गायब आणि दुसऱ्याच्या दर चार पानांवर स्कॅन करणाऱ्याचा अंगठा. त्या काळातली परीक्षणे, वाद, नटांच्या आठवणी जुन्या मासिकांत विखुरलेल्या होत्या, आणि मासिकांच्या पोटात काय आहे हे कुठल्याच यंत्राला ठाऊक नव्हते.

"ताई, तो संगणक दारावरची पाटी वाचतो," मामा म्हणाले. "घरात कोण राहतं ते त्याला काय कळणार?"

त्यांनी खणातून एक लांबट, जाड वही काढली. सव्वीस वर्षे मासिके बांधताना या नाटककाराचा उल्लेख जिथे दिसला तिथे त्यांनी तो टिपून ठेवला होता. मासिकाचे नाव, महिना, वर्ष, लेखाचा मथळा, पान. चारशे बारा नोंदी.

"एवढं कशासाठी केलंत, मामा?"

"तरुणपणी त्यांच्या नाटकात पहारेकरी झालो होतो. एकच वाक्य होतं."

"कोणतं?"

"ते आठवलं असतं तर आज नट नसतो झालो?"

हसून झाल्यावर त्यांनी वही माझ्यापुढे उघडली आणि पानांच्या रकान्यावर बोट ठेवले. "हे मात्र नीट ऐका. वर्षाचे बारा अंक मी एकत्र शिवतो. प्रत्येक अंकाची पानं एकपासून सुरू होतात, म्हणून सबंध खंडाला मी लाल पेन्सिलीनं सलग आकडे घालतो. वहीत आहेत ते माझे आकडे, छापलेले नव्हेत. बाहेर द्यायचे तर खंड मागवा आणि छापलेलं पान बघून घ्या. खंड मी काढून देईन."

मी मान डोलावली. नोंदी उतरवायला मला एकोणीस दिवस लागले. पडताळणी सावकाश करू असे म्हणता म्हणता सरांनी दिलेली तारीख आली. मी एकही खंड मागवला नव्हता. तरीही सूचीच्या शेवटी, अशा कामात लिहितात तसे, मी लिहिले: 'सर्व नोंदी मूळ अंकांवरून पडताळल्या आहेत.' मामांच्या वहीचा उल्लेख केला असता तर मग मी काय केले, असा प्रश्न आला असता. म्हणून तो उल्लेख मी केलाच नाही.

सूचीचे कौतुक झाले. माझ्या भावाने ती वडिलांना फोनवर दाखवली आणि वडिलांनी तो फोन गावच्या शाळेत नेऊन मुख्याध्यापकांना दाखवला. मी मामांना पेढा द्यावा तशी बातमी दिली. ते म्हणाले, "वा! म्हणजे आता तो संगणक शहाणा झाला म्हणायचा."

सात महिन्यांनी दुसऱ्या शहरातल्या एका प्राध्यापकांचे पत्र आले. ज्या अंकाची पाने बहात्तर, त्यात सहाशे अकरावे पान कुठून आले, असे त्यांनी विचारले होते. त्यांनी तीस नोंदी तपासल्या होत्या आणि सत्तावीस सापडल्या नव्हत्या.

ग्रंथपालांच्या खोलीत आम्ही चौघे जमलो. ते स्वतः, सर, मी आणि निरोप पाठवून बोलावलेले मामा. मामा उभेच होते.

"पडताळणी झाली होती ना?" ग्रंथपालांनी मला विचारले.

मी म्हणाले, "नोंदी मामांच्या वहीतल्या आहेत, सर. त्यांनीच दिल्या."

यात एकही शब्द खोटा नव्हता. प्रत्येक शब्द मी जपून निवडला होता.

"वहीतले आकडे बरोबर आहेत साहेब," मामा म्हणाले आणि माझ्याकडे पाहून थांबले. पुढचे वाक्य माझे होते. मी टेबलाच्या काचेखाली सरकवलेले सुट्ट्यांचे पत्रक वाचत राहिले. महिनाभराच्या सगळ्या सुट्ट्या वाचून झाल्या तरी मामा थांबलेलेच होते. मग त्यांनी नजर काढून घेतली.

"मामा, हौस वेगळी आणि संशोधन वेगळं," ग्रंथपाल म्हणाले. ती वही यापुढे वाचकांना दाखवू नये आणि मामांनी खाली बाइंडिंगच्या खोलीत बसावे, असे ठरले. सर बाहेर येताना मला म्हणाले, "तुझा काय दोष? तू विश्वास ठेवलास."

मी तेही ऐकून घेतले.

पाचव्या दिवशी मी तळघरात गेले. मामा एका खंडाच्या पाठीला खळ लावत होते. मी सगळे सांगून टाकले. तारीख जवळ आली होती, घरच्यांना आशा होती, त्या खोलीत जीभच उचलेना. त्यांनी ब्रश खाली ठेवला नाही.

"हे मला कशाला सांगता मॅडम? मला ठाऊकच आहे." तोवर मी त्यांची ताई होते.

"तुम्ही तेव्हा बोलला का नाहीत?"

"मी बोललो असतो तर ते माझं म्हणणं झालं असतं. तुमचं कसं झालं असतं?" त्यांनी खंड दाबपेटीत सरकवला आणि पेच आवळला. "सांगायचं तर वर जाऊन सांगा. जिना तोच आहे."

तो जिना चढायला मला आणखी अकरा दिवस लागले. दोनदा मी ग्रंथपालांच्या दारापर्यंत जाऊन, आत कुणीतरी आहे अशी स्वतःची समजूत घालून परतले. शेवटी बोलले तेव्हा सरही तिथे होते. ग्रंथपालांनी मला बोल लावला नाही. त्यांनी फक्त आधीचा आदेश मागवून रद्द केला. सर म्हणाले, "एकेक नोंद अंक उघडून बघ. तोवर सूची संकेतस्थळावरून उतरवू."

सूची उतरली त्या संध्याकाळी वडिलांचा फोन आला. "तुझं पान दिसत नाही गं. आमच्याकडचं नेट गेलंय की काय?"

"दुरुस्ती चाललीय, आबा," मी म्हणाले. कुणाची, ते त्यांनी विचारले नाही.

मामा आपल्या जागी परत आले. मी रोज दोनला जाई, चिठ्ठी देई. ते खंड आणून ठेवत आणि मी पान उघडेपर्यंत शेजारी उभे राहत. एरवी ते असे कधी उभे राहत नसत. मी छापलेला आकडा मोठ्याने वाचायचा, लिहायचा, मग ते जात. थट्टा नाही, चौकशी नाही.

एकशे अडुसष्टाव्या नोंदीशी मी अडखळले. वहीत नोव्हेंबर होता. लेख सप्टेंबरच्या अंकात निघाला. मी पुन्हापुन्हा पाने उलटली. ही खरोखरीच मामांची चूक होती, आणि ती दाखवणारी मी असावी, याची मला इतकी लाज वाटली की ती नोंद गुपचूप सुधारून पुढे जावे असे मी ठरवून टाकले.

"काय झालं?" मामांनी विचारले.

मी बोट ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून डोळे पानाजवळ नेले, मग वहीजवळ नेले. खोलीत सात-आठ वाचक होते आणि पलीकडच्या टेबलाशी ग्रंथपाल कुणाशी बोलत होते.

"ही माझी चूक," मामा नेहमीच्या आवाजात म्हणाले. सगळ्यांनी वर पाहिले. त्यांनी माझ्या हातातले पेन घेतले, नोव्हेंबरवर रेघ मारली, वर सप्टेंबर लिहिले, शेजारी सही करून तारीख घातली.

या सगळ्याला अर्धे मिनिटही लागले नसेल. पेन त्यांनी टोपण लावून परत दिले आणि पुढचा खंड आणायला गेले. ते येईपर्यंत मी वर पाहिले नाही.