टँकरच्या पाण्यातले मासे

उमरग्यात हमरस्त्याला लागून ट्रकच्या सीटा शिवणाऱ्या गुंडाप्पाला एकच नाद होता, मासे पाळायचा. हैदराबादेहून एका ड्रायव्हरनं आणून दिलेले सोनेरी मासे त्यानं घरात काचेच्या पेटीत ठेवले होते. सत्त्याऐंशीच्या दुष्काळात आड आटला आणि पेटीतही टँकरचं पाणी पडू लागलं.

एका सकाळी टँकरचं ताजं पाणी घालून त्यानं पेटीतलं पाणी बदललं आणि थोड्याच वेळात मासे वर येऊन तोंडं उघडझाप करू लागले. रोग पडला असं वाटून त्यानं चिमूटभर मीठ टाकलं, पण मासे आणखीच कलंडले. लागण नको म्हणून सगळ्यांत मलूल मासा त्यानं पेटीतून बादलीत काढलेल्या जुन्या पाण्यात सोडला. जरा वेळानं पाहतो तर तोच सावरून पोहत होता.

गुंडाप्पानं पेटीतलं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं. जंतू मारायला टँकरमध्ये टाकलेल्या पावडरीचा उग्र वास आला.

"रोग न्हाय, पाणीच बाधलंय," तो बायकोला म्हणाला. "बादलीत समदे मावणार न्हाईत. शिळं पाणी आता कुठनं आणू?"

सीताबाईनं माठाकडं पाहिलं. त्यात परवा भरलेलं पिण्याचं पाणी होतं आणि त्याचा वास केव्हाच उडाला होता.

"हे ओता. आपण आज ताजं पिऊ. आपल्याला न्हाय बाधत ते."

गुंडाप्पानं पेटी उपसून तिच्यात माठ रिता केला. दोन मासे गेलेच. बाकीचे दुपारी तळाशी फिरू लागले, तेव्हा कुठं तो ताटावर बसला.