वीज गाळणारं खोकं

वीज मळते, हे मला साठी उलटल्यावर कळलं. सगळी नोकरी मी पोरांना विज्ञान शिकवण्यात घालवली, पण असं कुठल्या पुस्तकात वाचलं नव्हतं. ते मला आमच्या मालकांनी सांगितलं, आणि मालकांना मोबाइलमधल्या कुणीतरी सांगितलं होतं.

मालक म्हणजे माझा नवरा. आमच्याकडे नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मालकच म्हणतात. मालकी कशावर ते विचारू नये. पाथरीत त्यांची डाळ मिल होती. उभी हयात चक्क्यांच्या धडधडाटात गेली. गुडघ्यांनी साथ सोडली तशी मिल भाड्यानं दिली आणि राहून गेलेली हौस भागवायला घेतली. ॲम्प्लिफायर आला, सीडी वाजवायचं यंत्र आलं, माझ्या खांद्याला लागतील एवढे दोन लाकडी स्पीकर आले. पुढच्या खोलीतला माझा दिवाण मागच्या खोलीत गेला. बासरी लागायची, आमच्या मठातल्या शिवभजनाच्या जुन्या सीड्या लागायच्या, आणि जन्मभर हमालांवर ओरडलेला माणूस डोळे मिटून गप्प बसलेला बघायला मला बरंच वाटायचं.

मग टाळ बिघडले. म्हणजे भजनातले. त्यांचा आवाज मातकट झालाय, लाकडावर लाकूड आपटल्यासारखा येतोय, अशी मालकांची तक्रार सुरू झाली. बासरीतली फुंकही म्हणे नाहीशी झाली होती. मला टाळ टाळासारखेच ऐकू येत होते, पण मला विचारतो कोण. दोष लाईटीचा, हा निकाल त्यांनी लगेच देऊन टाकला.

आमच्या भागात हा निकाल कुणीही देईल. आम्ही वाढलो ती लाईटच तशी होती. संध्याकाळी शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की बल्ब लाल व्हायचा, टेप ओढायला लागायचा आणि गाणारी बाई पुरुषाच्या आवाजात गायची. आवाज बिघडला की लाईटीला शिवी घालायची, ही आमची लहानपणापासूनची सवय. मिक्सर जळाला, लाईट. दूध नासलं, फ्रीज बंद होता, लाईट. जावई तोंड फुगवून बसले, पंखा नव्हता, लाईट. माणसाचा काही दोष असू शकतो, हा विचार करायची वेळच कधी आली नाही.

त्यावर मोबाइलमधल्या शहाण्यांनी औषध सांगितलं: पॉवर कंडिशनर. तारेतून येणारा करंट घाणेरडा असतो, हे खोकं तो चहासारखा गाळून देतं, मग संगीत कसं धुतल्यासारखं ऐकू येतं. सांगणारा माणूस कोट घालून बसला होता आणि त्याच्या मागं झाडाची कुंडी होती. एवढ्यावर आमचे मालक पाघळले. भाव करताना व्यापाऱ्याला रडवणारा माणूस, तुरीचा एक दाणा चावून ओल सांगणारा माणूस, त्यानं न दिसणारी घाण न दिसता निघते हे मान्य केलं.

मी परोपरीनं सांगून पाहिलं. व्होल्टेज वरखाली होतं म्हणता, तर साधा स्टॅबिलायझर पुरे, आणि तो आपल्याकडे आहे. अर्थिंग नीट करून घ्या, तेही होईल. पण ॲम्प्लिफायर बाहेरची वीज जशीच्या तशी वापरतच नाही. आत ट्रान्सफॉर्मर असतो, डायोड असतात, कपॅसिटर असतात. तो आपली वीज आपणच सरळ करून घेतो. हे मी आकृती काढून पोरांना शिकवलंय. ज्याच्या पोटात चाळणी आहे त्याला दुसऱ्याची चाळणी कशाला? मालकांनी ऐकून घेतलं की नाही ते कळलं नाही. माझ्याकडे पाठ होती.

पाठ हे त्या दिवसांत रोजचंच झालं होतं. मिल सोडल्यापासून त्यांनी मला उत्तर देणंच बंद केलं होतं. स्वयंपाकघरातून काही विचारावं तर सामसूम. दोनदा विचारावं तर सामसूम. गल्लीतला कुणी खर्जातून हाक मारणारा आला की मात्र लगेच ‘या, बसा’. इतकी वर्षं संसार केल्यावर बायकोचं बोलणं माणसाला नकोसं होतं, हे मी पाहिलेलं होतं. आपल्याही घरात आलं म्हणायचं. माझा आवाज मुळातच बारीक. शाळेत पोरं मला मागून पिपाणी बाई म्हणायची, मला ठाऊक होतं. पिपाणीला कंटाळले असतील, असं मनाशी म्हटलं. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मीही बोलणं कमी केलं. जेवायला वाढलंय, एवढंच सांगायची, तेही ताट समोर ठेवून.

खोकं पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या गाडीनं देवगाव फाट्यावर उतरलं. ते आणायला मालक स्वतः गेले आणि जीपमध्ये मांडीवर घेऊन आले. आमच्या लेकराला त्यांनी असं मांडीवर घेतल्याचं मला आठवत नाही. किंमत लिहीत नाही, लिहिताना पुन्हा रक्त तापतं. काळं, जड, पुढं निळा दिवा. बस, एवढाच काय तो त्याचा गुण.

आणि एक अवगुण. व्होल्टेज ठरावीक मर्यादेच्या खाली गेलं की ते बारीक शिट्टी वाजवायचं. पीं. थांबून पुन्हा पीं. आमच्याकडे संध्याकाळी व्होल्टेज खाली जातंच, तेव्हा रोज दिवेलागणीला पिपाणी सुरू. संगीत स्वच्छ करायला आणलेलं यंत्र संगीतात शिट्ट्या मारतंय आणि मालक निळ्या दिव्यासमोर तल्लीन. मी पहिल्याच दिवशी स्वयंपाकघरातून सांगितलं की ते वाजतंय, बंद करा. उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं. उत्तर नाही. एवढा पैसा घातल्यावर चूक कोण कबूल करतो, असा मी अर्थ काढला आणि सांगणं चालूच ठेवलं, पण भाकरी थापता थापता, भिंतीला सांगितल्यासारखं.

एका रविवारी संध्याकाळी त्यांनी दोन मित्रांना ऐकायला बोलावलं. एकाचं किराणा दुकान, दुसरे एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मी पोहे केले. भजन लागलं. मालक डोळे मिटून बसलेले, दोघं पाहुणे पोह्यांत. शिट्टी चालूच होती, पण मृदंगात खपून जात होती. मग भजन संपलं आणि खोलीत काही उरलं नाही. पीं. पीं.

कंडक्टरांनी खोक्याकडे बघितलं, मग दुकानदाराकडे, मग बशीकडे. मालकांनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं.

“ही शांतता ऐका,” ते म्हणाले. “आधी अशी नव्हती. आता मागं कायबी न्हाई, निस्ती शांतता.”

पीं, खोकं म्हणालं.

“लय भारी,” दुकानदार म्हणाला. कंडक्टरांनीही मान डोलावली. गावभर दुसऱ्याची उणीदुणी काढणारे हे दोघं, पण मित्राच्या घरात पोहे खाताना मूग गिळून बसले. त्यांचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं, आणि ते मालकांना गावात तोंड दाखवू देणार नाही असं होतं. पण मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. हटवादी माणसाचा चेहरा मला ओळखता येतो, त्यांचा तर चांगलाच. तो हा नव्हता. त्यांना खरंच शांतता ऐकू येत होती. मी कपबशा गोळा केल्या आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेपर वाचत बसले होते, दाराकडे तोंड करून. मी त्यांच्या मागं दोन हातांवर उभी राहिले आणि रोजच्या आवाजात म्हणाले, “तुमचं खोकं मी विहिरीत टाकलं.” पान उलटलं गेलं. पुन्हा म्हणाले. काही नाही. तेवढ्यात रस्त्यावरून भंगारवाल्यानं आपल्या जाड आवाजात हाक दिली, तशी त्यांनी झटकन मान वर केली.

मी पुढं जाऊन समोर बसले. परभणीला जाऊ, कान दाखवू, म्हणाले. आदल्या संध्याकाळचं बोलले नाही. ते चिडले. कानाला काय झालंय, लाईटच घाण यायली, तुला न्हाई कळायचं, असं सगळं झालं. मी उठले नाही. मग ते पेपरच्या घडीवर हात फिरवत म्हणाले, “सकाळची पाखरं बी येत न्हाईत आताशा. मला वाटलं, झाडं तोडली म्हणून.”

परभणीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की इतकी वर्षं मिलच्या यंत्रांजवळ काढल्यावर असं होतं. जाड आवाज राहतात, बारीक आधी जातात: टाळ, पाखरं, बायकांचं बोलणं. कानात घालायचं मशीन दिलं. येताना एसटीत ते सारखे कानाला हात लावत होते आणि मी खिडकीबाहेर बघत होते.

घरी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. मालकांनी हातपाय धुतले, स्पीकरसमोर बसले, बटण दाबलं. भजन सुरू व्हायच्या आधीच ते दचकले.

“हे काय वाजायलंय?”

“तुमचं खोकं.”

“कवापासून?”

“आणल्यापासून.”

“मग सांगायचं न्हाई का?”

“सांगितलं की. रोज सांगितलं. सैपाकघरातून.”

निळा दिवा चालू, शिट्टी चालू.

“मला वाटलं,” ते म्हणाले, “तू माझ्याशी बोलायचंच सोडलंस.”

माझं तरी काय वेगळं होतं. मालक उठले, खोक्याची वायर उपटली, जुना स्टॅबिलायझर काढून ॲम्प्लिफायर त्याला जोडला आणि पुन्हा पाठ करून बसले. भजन लागलं. टाळ खणखणीत. खोकं होतं तेव्हाही ते असेच खणखणीत होते. “फरक काहीच पडला नाही,” मी त्यांच्या मागं उभी राहून म्हणाले, रोजच्याच आवाजात.

“ऐकू आलं,” मालक म्हणाले. त्यांनी मान वळवली नव्हती.