सरांचा कोड मी सुधारून दिला नाही

नाही दिला सुधारून. आजही कुणी म्हणतं, "तेव्हा जरा नमतं घेतलं असतंस तर काय बिघडलं असतं?" बरंच बिघडलं असतं. म्हणून नाही घेतलं.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. सुरतेच्या उधन्यात आमच्या दोन खोल्या, वडील कापडाच्या लूमवर कामाला. पुढच्या खोलीत सुटे भाग आणून मी जुळवलेला संगणक आणि नुकताच लागलेला फोन. रविवारी सकाळी तिथे सुरतेतले चार-पाच मुरलेले प्रोग्रामर जमत. सगळे माझ्याहून मोठे, कापडाच्या व्यापाऱ्यांना बिलांचे नि हिशेबाचे प्रोग्राम लिहून देऊन घर चालवणारे. त्यांना प्रोग्राम लिहायला मी काय शिकवणार, कपाळ! मी वेगळंच शिकवत होते. जगात काही प्रोग्राम असे असतात की त्यांचा कोड कुणीही वाचावा, सुधारावा आणि सुधारणा ईमेलने परत पाठवावी. ती पसंत पडली तर सगळ्यांची होते. मी तशा दोन-चार पाठवल्या होत्या आणि त्या घेतल्या गेल्या होत्या. एवढ्या भांडवलावर मी गुरू झाले होते.

वडिलांना हे पटत नसे. "फुकट काबरं राबस? तुले काय मियस त्याम्हा?" ते आमच्या अहिराणीत विचारत. मी उलट विचारी, की लूमच्या खात्यात नवा माणूस आला की त्याला तुटलेल्या धाग्याची गाठ तुम्हीच शिकवता ना, त्याचे पैसे कोण देतं? मग ते चहा टाकायला सांगत.

त्या चार-पाच जणांत माझे सर होते. रिंग रोडवरच्या त्यांच्या क्लासमध्येच मी प्रोग्रामिंग शिकले. हुशारीत त्यांचा हात धरणारा बाजारात कुणी नव्हता. पण त्यांच्या कोडमध्ये कशालाच धड नाव नसे. रक्कम म्हणजे ए-एक, तारीख म्हणजे ए-दोन, आणि कुठे समजावून सांगणारी एक ओळ नाही. हे मुद्दाम. कोड दुसऱ्याला कळला की व्यापारी स्वस्तातला माणूस गाठणार, ही बाजाराची रीत. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आम्हाला त्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्यांची भीती खोटीही नव्हती. त्यांच्या दोन पार्ट्या, म्हणजे बांधलेली गिऱ्हाइकं, पळवणारा जळगावकडचा गडी माझ्याच खोलीत दर रविवारी बसायचा. सर त्याच्याकडे पाठ करून बसत.

सरांनी दुरुस्तीला घेतला तो अशाच खुल्या प्रोग्रामांतला छपाईचा एक. बिलांचा सलग कागद प्रोग्राम धरून चालतो त्यापेक्षा लांबीला कमी असतो. त्यामुळे प्रत्येक बिलाला छपाई थोडी थोडी खाली सरके आणि शेवटी एकूण रक्कम नेमकी फाडायच्या रेषेवर येई. सरांनी तो दोष असा काढला की मी बघत राहिले. दुरुस्ती पाठवली. आठवड्याने तो प्रोग्राम सांभाळणाऱ्यांचं उत्तर आलं: दुरुस्ती उत्तम चालते, पण आम्हाला वाचता येत नाही. वाचता येईल अशी पाठवा.

सर लाल झाले. "चलता है ना? फिर पढ़ना किसलिए?"

मी म्हटलं, "सर, उद्या तुम्ही नसाल तेव्हा दुसऱ्या कुणाला तरी ती सांभाळायची आहे."

सरांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "तू कर दे. तुझे तो आता है. नाम मेरा डाल देना."

सगळ्यांनी माना डोलावल्या. जळगावकर तर हळूच म्हणाला, "करून टाक ना ताई. गुरुदक्षिणा समज."

मी नाही म्हटलं. सरळ, सगळ्यांसमोर. सर चप्पल घालून निघून गेले.

पुढच्या रविवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. सर नाहीत म्हणून बाकीचेही गळाले, कारण माणसं त्यांच्या नावावर येत होती, माझ्या नव्हे. उरला जळगावकर. आई म्हणाली, गुरूचा अपमान केलास, आता भोग. मला भीती वाटत होती, हे कशाला लपवू? सर कायमचे तुटले आणि हे सगळं माझ्या ताठ्यापायी मोडलं, असं मनात येई. एकदा त्यांची फाइल उघडूनही बसले. तासाभराचं काम होतं. पण ते मी केलं असतं तर सर पुन्हा ए-एक, ए-दोनच लिहिणार होते आणि पुढच्या वेळी पुन्हा माझ्या दारात येणार होते. मला राग यायचा तो त्यांचा नाही, त्या बाजाराचा. चांगल्या कारागिराला आपलंच काम झाकून ठेवायला लावणारा बाजार! मी फाइल बंद केली.

आणि एका रविवारी सर आले. हातात बिलाच्याच कागदावर छापलेला कोड. मी हात पुढे केला तर मला दिला नाही. वळले आणि जळगावकरासमोर धरला. "पढ़ो. ज़ोर से."

तो बावचळला, पण वाचू लागला. वरच दोन ओळींत लिहिलं होतं, बिलाचा कागद आखूड का असतो आणि छपाई का सरकते. खाली प्रत्येक गोष्टीला तिचं नाव. कागदाची लांबी म्हणजे कागदाचीच लांबी. तो कुठेही अडखळला नाही. शेवटपर्यंत आला आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "सर, ये तो मैं भी कर लेता!"

मला वाटलं, झालं, आता पुन्हा चप्पल घालतात. सरांनी खुर्ची ओढली, त्याच्याकडे तोंड करून बसले आणि चष्मा पुसत म्हणाले, "इसीलिए तो ऐसा लिखा है, भाई."