वीसची पाटी

हिरामण गांगुर्डेचा राग आधी त्याच्या कानांवर दिसायचा. कान लाल झाले की समजायचं, आता हा माणूस कोणाच्या बापाचं ऐकणार नाही. आमच्या गावातून आणि आसपासच्या मळ्यांवरून चांदवडच्या शाळेत पोरं नेणारी जीप त्याची होती. मी त्याच शाळेत शिकवायचे आणि रोज त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर बसायचे. एखाद्या पोराने खिडकीतून हात बाहेर काढला की हिरामण गाडी कडेला घ्यायचा आणि तो हात आत जाईपर्यंत हलायचा नाही. पालक त्याच्या नावाने बोटं मोडायचे, आणि पोरं मात्र त्याच्याच गाडीत बसवायचे.

दोन हजार सात साल. हायवे चौपदरी करायचं काम चाललं होतं. नव्या बाजूचं डांबर पडलं होतं, पण ती अजून बंद होती. त्या काळ्याभोर डांबरावर आमच्या लोकांनी मका वाळत घातला होता, कारण असं फुकटचं खळं पुन्हा कधी मिळणार! जुन्या बाजूवरून सगळी वाहतूक. दिवाळीनंतरच्या एका सकाळी आम्ही तिथून चाळीसच्या वेगाने चाललो होतो, तेवढ्यात हायवेच्या हवालदाराने हात केला.

"इथं वीसची मर्यादा हाय. काम चालू हाय तोवर. पाटी वाचता येत नाय का?"

"कुठं हाय पाटी?"

हवालदाराने मागे बोट दाखवलं. मी उतरून पाहिलं. मागे नुसता फुफाटा.

"साहेब, तिथे काहीही नाहीये," मी म्हटलं.

"बाई, तुम्ही शाळेत शिकवा."

माझं डोकं सणकलं. दंड भरून पावती घेतली की सुटका होती, पुढच्या मागच्या सगळ्यांनी मुकाट्याने तेच केलं. हिरामणचे कान लाल झाले. "आधी पाटी दाखवा, मग पावती फाडा," म्हणाला. हवालदाराने लायसन ठेवून घेतलं आणि कोर्टाचा कागद हातात दिला. त्या कागदावर निकालापर्यंत गाडी चालवता येणार होती.

शाळेच्या सेक्रेटरींना हे आमच्या आधी कळलं. त्यांनी हिरामणला बोलावून सांगितलं, "वेगाचा गुन्हा असलेला ड्रायव्हर आम्हाला नको. निर्दोष सुटून या, नाहीतर पोरांची गाडी बंद." त्यांच्या भाच्याने दसऱ्याला नवी जीप घेतली होती, हे ते बोलले नाहीत. सगळ्या गावाला माहीत होतं. हिरामणला ना शेत ना नोकरी. जे काय होतं ते ही शाळेची फेरी.

कोर्टात आमच्या पुढे रांग होती. प्रत्येकाला विचारत होते, "गुन्हा कबूल?" आणि प्रत्येक जण "कबूल" म्हणून मोकळा होत होता. हिरामण म्हणाला, "नाय." कारकुनाने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि पुढची तारीख दिली.

तिथून तो थेट रस्त्याच्या कामावर गेला, मीही सोबत होते. पाट्या लावायचं काम झिपरूकडे होतं. पेठ तालुक्याकडचा माणूस, बायको-पोरांसह तिथेच पालात राहायचा. हिरामणने त्याला त्याच्या माणसांदेखत खोटारडा म्हटलं, कामचोर म्हटलं. झिपरू एवढंच म्हणत राहिला, "पाटी मीच लावली ना, भाऊ." मला त्याचं काही खरं वाटलं नाही. मीही दोन शब्द सुनावून घेतले.

साक्षीचं बोलायला म्हणून तारखेच्या आदल्या रविवारी मी हिरामणच्या घरी गेले. त्याची आई चिमणाबाई मका निवडत होती. "बाई, खुराड्यात अंडी हायेत, पोरांसाठी घेऊन जा," म्हणाली. मी खुराड्यावरचा पत्रा उचलला. पत्र्याच्या खालच्या अंगाला लाल गोल होता आणि गोलात वीस.

"ही कुठून आणली?" मी विचारलं.

"रस्त्याकडची उचलून डांबरावरच्या मक्याला लावली व्हती. ट्रकवाले वर चढायचे ना. लाल पाटी दिसली का गाडी थांबती." म्हातारीला अक्षर येत नव्हतं. "मका घरी आला, मंग पाटी बी आनली. चांगला पत्रा हाय."

हिरामण दारात उभा होता. मला वाटलं, आता आईवर ओरडेल. तो ओरडला नाही. खाली बसला आणि म्हणाला, "त्या झिपऱ्याला मी काय काय बोललो, बाई."

"भाऊ, कोर्टात पाटी नव्हती एवढंच सांगायचं," मी बजावलं. "ते खरंच आहे. कोणी विचारलं तरच पुढचं."

त्याने ऐकलं नाही. ऐकायला हवं होतं, मी आजही म्हणते. खरेपणाला जागा पाहावी लागते. तारखेला त्याने पाटी जीपच्या टपावर बांधून नेली. माझी साक्ष झाली आणि हा उभा राहून म्हणाला, "साहेब, पाटी ठेकेदाराच्या माणसानं लावली व्हती. माझ्या आईनं उचलली. मला म्हाईत नव्हतं. वेगाचा गुन्हा कबूल नाय, पाटीचा हाय."

सगळं कोर्ट हसलं. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. रस्त्यावर पाटीच नव्हती, तेव्हा वेगाच्या गुन्ह्यातून मोकळं केलं. पाटी संध्याकाळच्या आत जागेवर गेली पाहिजे, अशी तंबीही दिली.

आम्ही निकालाचा कागद सेक्रेटरींपुढे ठेवला. त्यांनी तो वाचलाही नाही. "ज्याच्या घरी सरकारी पाट्या उचलतात, त्याच्या गाडीत पोरं बसवू?" म्हणाले. मी तिथेच बोलले, त्यांच्या तोंडावर, भाच्याच्या जिपेसकट. शिपाई दार लावून घेईपर्यंत बोलत होते. काडीचा उपयोग झाला नाही.

पाटी लावायला हिरामण झिपरूकडे गेला आणि हात जोडले. झिपरूने पहार आणून दिली, आणि दोघांनी मिळून पाटी रोवली.

सोमवारी भाच्याची नवी जीप आली. नाइलाजाने बसले, पोरं एकटी कशी सोडायची? गाडी कामाच्या पट्ट्यात शिरली ती साठने. पाटी लांबूनच दिसत होती. पाटीशेजारी चिमणाबाई बसली होती, आल्या-गेल्या गाडीला हात हलवत. "हळू रे, हळू!" आमचा ड्रायव्हर तिच्या अंगावर धुरळा उडवत गेला. मागच्या दारावर धप्पकन मातीचं ढेकूळ फुटलं. पोरांनी टाळ्या पिटल्या. मी त्यांना गप्प केलं नाही.

"कोण हाय ती म्हातारी?" ड्रायव्हर करवादला.

"आधी वीसवर ये," मी म्हटलं. "मग सांगते."