थोरल्या भावाचं औषध

निमगाव केतकीच्या मानसिंगानं आयुष्यात एक काम जिवापाड केलं, धाकट्या नागेशला सांभाळलं. बाप मेंढरं घेऊन कोकणात उतरायचा, तो तिकडंच रक्त ओकून गेला. तेव्हा नागेश सहा वर्षांचा. दोघं भाऊ एका परातीत जेवून वाढले.

तीन वर्षांमागं नागेशच्याही पोटात जाळ उठायला लागला. मानसिंग म्हणाला, "आपल्या रक्तातच हाय ते. बापाचं आलंय, कोण काय करणार?" झालं, दवाखान्याचं नावच नको! पण भावाची तळमळ बघवेना. मग स्वतःच्या कंबरदुखीसाठी आणलेल्या गोळ्यांतली एक तो गेला महिनाभर रोज सकाळी नागेशच्या हातावर ठेवायचा. दुखणं ते दुखणं, कंबरेचं काय अन् पोटाचं काय. शहाणपण ते एवढंच.

आज सकाळी नागेश गोठ्यात रक्त ओकून कोसळला. बारामतीच्या दवाखान्यात दुपारपर्यंत रक्ताच्या चार पिशव्या चढल्या.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तशी नागेशची बायको सुकन्या पुढं झाली. "दादांनी गोळ्या दिल्या म्हणून एवढं दिस तरी निघालं, बाई."

"कसल्या गोळ्या?"

मानसिंगानं खिशातलं पाकीट काढून दिलं. बाईंनी ते उलटून पाहिलं. "घरात आधी कुणाला होतं हे?"

"बापाला. रक्तातच हाय आमच्या."

"वडिलांना असलं की मुलांना धोका जास्त, हे खरं. पण पोटात अशी जखम करणारा जंतूही असतो. घरातल्या घरात, लहानपणीच लागतो. चौदा दिवसांच्या औषधानं बहुतेकांचा जातो. या गोळ्यांनी मात्र जखम चिघळली, आतली रक्ताची नस फुटली."

चौदा दिवस! चौदा दिवसांत मेथीची जुडीसुद्धा काढायला येत नाही. अन् मानसिंग तीन वर्षं बापाच्या नावानं बोटं मोडत बसला होता.

"वाचंल न्हवं त्यो?"

"रक्त अजून थांबलेलं नाही. ऑपरेशनला घेतोय." बाई वळता वळता थांबल्या. "तुमचंही पोट तपासून घ्या. तुम्ही घेता या गोळ्या?"

"न्हाय. आदी घेत हुतो. पोटात नुसती आग पडायची."

"मग?"

"मला सोसंनात," मानसिंग म्हणाला, "म्हणून त्याला दिल्या. म्हटलं, वाया कशाला घालवायच्या."

पिशवी उचलून सुकन्या लांब जिन्यापाशी जाऊन बसली.