चुन्याची पट्टी

होटगीच्या वाटेवरच्या दगडखाणीत कोंडीबा सुरुंग लावायचा. तेव्हा सोलापुरात रेल्वेला आणि रस्त्यांना खडी पुरत नव्हती, त्यामुळे खाणीत रोज धडाके उठायचे. आपण दगडाला भीत नाही म्हणणाऱ्यांवर कोंडीबाचा काडीचा विश्वास नव्हता. तो स्वतः भ्यायचा, म्हणूनच त्याच्या हाताखाली कुणाला साधं खरचटलंही नव्हतं.

उडणारे दगड सगळ्यांनाच दिसतात. कोंडीबाला धास्ती होती ती हादऱ्याची. सुरुंग खाणीच्या एका टोकाला उडाला, तरी दुसऱ्या टोकाचा कडा आतून थरथरायचा आणि माथ्यावरच्या भेगा केसभर रुंदावायच्या. एवढं नुसत्या डोळ्याला कळत नाही. म्हणून तो प्रत्येक भेगेवर आडवी चुन्याची पट्टी ओढून ठेवी. सकाळी पट्टी चिरलेली दिसली, की कडा हलला असं समजायचं. मग पहारीनं सैल दगड पाडल्याशिवाय तो खाली कुणाला बसू देत नसे, मुकादम शिवलिंगप्पा कितीही ओरडो.

खाणीत हे तो दहादा सांगे. घरी मात्र अवाक्षर नाही. दिवसभर धडाके ऐकलेल्या माणसाला घरी गप्प बसावंसं वाटतं, दुसरं काय? शिवाय बायको, गोजरबाई, काळजीनं अर्धी झाली असती. त्यांची एकुलती एक मथुरा त्याच कड्याच्या सावलीत खडी फोडायला बसायची. माढ्याचं स्थळ ठरलं होतं. पोरगी तोंडाळ, बापाला खुशाल ‘सुरुंगराव’ म्हणायची, आणि हा खुळा बाप त्यावर खूश!

कड्याच्या माथ्यावर मरीआईचं ठाणं होतं. आखाडातल्या एका शुक्रवारी आईला नैवेद्य होता. आदल्या संध्याकाळी, खाण बंद झाल्यावर, गोजरबाई चुन्याची बादली घेऊन वर गेली आणि ठाणं पांढरंशुभ्र करून आली.

शुक्रवारी सकाळी कोंडीबा नेहमीप्रमाणे माथ्यावर चढला. सगळ्या पट्ट्या अखंड होत्या. कालचा हादरा कड्याला बाधला नाही, म्हणून त्याला बरं वाटलं. त्यानं स्वतःच बायांना कड्याखाली बसायला सांगितलं.

“सुरुंगराव, आज पुरणपोळी हाय. येळंवर या घरला,” मथुरा हातोडी उचलत म्हणाली.

तो हसत पलीकडच्या टोकाला गेला. सुरुंग तसा लहानच होता. वात पेटवून तो आडोशाला बसला. धडाका झाला, धूळ उडाली, आणि धूळ खाली बसायच्या आतच त्याच्या पाठीमागे, लांब, मथुरेच्या अंगावर कडा घसरला. बाकीच्या बाया पाणी प्यायला उठल्या होत्या, त्या वाचल्या. मथुरेला बाहेर काढायला दुपार झाली. पट्टी अखंड असताना कडा कसा आला, हे कोंडीबाला काही केल्या उमजेना.

तिसऱ्या दिवशी राख सावडून तो घरी आला, तेव्हा गोजरबाई भिंतीला डोकं टेकून रडत होती.

“आईचं ठाणं म्या माज्या हातानं रंगवलं. म्होरं भुईवरचा चुना समदा चिरला हुता. आईम्होरं असं फुटकं बरं दिसत न्हाय, म्हून त्यो बी नव्यानं सारवला. येवढं करून आईनं माजंच लेकरू न्हेलं! माजं काय चुकलं, सांगा की.”

भुईवरचा तो चुना म्हणजे कोंडीबाचीच पट्टी. पट्टी कशासाठी असते, एवढं एक वाक्य तो घरी कधी बोलला नव्हता. पोटची पोर त्या वाक्यावाचून गेली. आणि तेच वाक्य आता बोललं, तर समोरची बाई जगणार नव्हती.

“तुजं कायबी चुकलं न्हाय,” तो म्हणाला. “त्या दिशी म्या कडा बघायचाच इसरलो.”

त्यानंतर गोजरबाई त्याच्याशी कधी धड बोलली नाही. भाकरी वाढायची, पण ताट पुढे सरकवून तोंड फिरवायची. कोंडीबानं सुरुंगाचं काम सोडलं आणि गिरणीत ओझी वाहिली.

पुढच्या आखाडात ती पुन्हा चुना कालवून निघाली. बादली जड होती. कोंडीबा उठला आणि त्यानं ती उचलली.

“ठिवा खाली,” गोजरबाई म्हणाली. “त्या हातांनी माजी लेक मारलीया. आईच्या चुन्याला शिवू नगा.”

कोंडीबानं बादली खाली ठेवली आणि हात मागे घेतले.